मोरीचे पाणी जाते कुठे?



एप्रिल सरत आला. नांगरटी झाल्या, ढेकळे तापत पडली आहेत आणि मृगाला अजून सव्वा महिना अवकाश आहे. उसाच्या पाळ्या सोडल्या तर हाताला थोडी उसंत आहे. १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा होईल आणि दरवर्षीप्रमाणे अमुक आळीपासून ओढ्यापर्यंत सिमेंटचे गटार बांधण्याचा विषय निघेल. म्हणून या खेपेला पिकाचे नाव काढत नाही. मोरीबद्दल बोलू.

तुम्ही म्हणाल, शेतीखात्याचा माणूस आमच्या न्हाणीत आणि मोरीत कुठे शिरला? शिरावे लागते. तुमच्या मोरीतून सुटलेले पाणी ओढ्याला लागते, ओढा नदीला, आणि नदीवरची उपसा मोटर तेच पाणी तुमच्या उसाला देते. त्याच काठावर कुठल्या तरी गावाची पिण्याच्या पाण्याची जॅकवेल असते. खालच्या गावाची असली तर आपल्याला ती दिसत नाही, एवढेच.

आधी हिशेब करू. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले तेव्हा नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचे असे ठरले. पूर्वी आडावरून दोन हंडे आणणाऱ्या घरात सांडायला पाणीच नसायचे. अंगणातल्या आळवाला आणि केळीला जेमतेम पुरायचे. आता नळ आला, चांगले झाले, बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला. पण आलेल्या पाण्यातला पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच, आंघोळ, धुणे, भांडी करून परत बाहेर पडतो. पाच माणसांच्या घराचे झाले दोनशे लिटर. दोन हजार वस्तीच्या गावाचे ऐंशी हजार. म्हणजे दहा हजार लिटरचे आठ टँकर रोज भरायचे आणि ओढ्यात ओतायचे. गोठ्यातले पाणी यात धरलेले नाही. नळाची योजना करताना पाणी आणायचा विचार झाला, न्यायचा बहुतेक गावांनी केलाच नाही.

आमच्या कोल्हापूर भागातली पंचगंगा तुम्हाला ठाऊक आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी घेऊन निघते आणि नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. पावसाळ्यात हिच्या पुराच्या बातम्या येतात. उन्हाळ्यात वेगळी बातमी येते, पाण्याला वास मारतोय, बंधाऱ्याला केंदाळ अडकले आहे, मासे मरून काठाला लागले आहेत. हे मासे कशाने मरतात ते नीट समजून घ्या, कारण तिथेच सगळी मेख आहे.

नदीत घाण पडली की ती खायला जिवाणू येतात. ते आपलेच काम करतात, पण त्यांनाही श्वास लागतो आणि तो ते पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूतून घेतात. थोडी घाण असेल आणि पाणी वाहते असेल तर नदी ती पचवते. गाईला ओंजळभर पेंड घातली तर दूध वाढते, पाटीभर एकदम घातली तर पोट फुगून ती पाय झाडते. नदीचेही तसेच. उन्हाळ्यात धार बारीक होते, बंधाऱ्यात पाणी तुंबते आणि घाण मात्र तेवढीच, उलट जास्त. जिवाणू प्राणवायू संपवून टाकतात. त्यात सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद खाऊन केंदाळ माजते. पोषक पाण्यात आणि उबेत केंदाळ दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. त्याचा गालिचा पसरला की खालच्या पाण्याला ना ऊन ना वारा. रात्री पाण्यातले शेवाळही प्राणवायू ओढून घेते, म्हणून मासे पहाटेच्या वेळी तोंड वर काढून तडफडतात. सकाळी आपण काठावर जातो आणि म्हणतो, कुणीतरी औषध टाकले. दर वेळी औषधच टाकलेले असते असे नाही.

नत्र म्हणालो तर आपल्या शेताचेही नाव घेतले पाहिजे. पाटपाण्याबरोबर वाहून गेलेला युरिया नदीलाच जातो. पण तो विषय एका लेखाचा आहे, पुढे कधीतरी.

आता कुणी म्हणेल, शहराचे नाले आणि कारखान्यांचे पाणी सोडून हे साहेब आमच्या मोरीच्या मागे का लागले? शहराचे आणि उद्योगांचे पाणी मोठे आहे, यात वाद नाही. पंचगंगेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे आणि तिथे जो जाब मागायचा तो मागितलाच पाहिजे. पण आपल्या गावच्या ओढ्याला कोर्ट येत नाही. तो आपणच बिघडवला आणि सुधारायचाही आपणच. शिवाय पिण्याचे पाणी बिघडायला फार घाण लागत नाही. २०१२च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे गेली. मैल्याचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की काय होते ते तेव्हा आपल्या भागाने पाहिले. ही जी पाण्यातून पसरणारी कावीळ असते, तिच्यातला एक प्रकार गर्भार बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, फार घातक ठरतो. घरात लेक बाळंतपणाला आलेली असेल तर ही गोष्ट ध्यानात ठेवा.

मग गटार बांधले की भागले नाही का? नाही. गटाराने घाण नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते. पूर्वी मोरीचे पाणी दारात मुरायचे, काही उन्हाने आटायचे, काही परड्यातल्या झाडांना लागायचे. ओढ्यापर्यंत थोडेच पोचायचे. सिमेंटच्या नळीने आता थेंबन्‌थेंब पोचतो, तोही लवकर पोचतो, वाटेत काही न मुरता. उतार चुकला की गटार तुंबते, त्यात प्लास्टिक अडकते, गाळ काढायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर कुणा माणसाला त्यात उतरवायचे, हाही प्रश्न आहेच. एका गावच्या सरपंचाने मला प्रामाणिकपणे सांगितले, “साहेब, गटार दिसतं, खड्डा दिसत नाही. मतं दिसणाऱ्या कामाला पडतात.” माणूस खरे बोलला. पण त्याच गावची जॅकवेल ओढ्याच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर, खालच्या अंगाला आहे. तिथे दर उन्हाळ्यात क्लोरीनचा हिशेब वाढतो.

डासांचेही सांगून टाकतो, कारण गटाराच्या बाजूने तो मुद्दा हमखास निघतो. घाण पाण्यात वाढतो तो क्यूलेक्स डास, हत्तीरोग पसरवणारा. त्याला तुंबलेले गटार, मग ते मातीचे असो की सिमेंटचे, दोन्ही चालते. डेंग्यूचा डास मात्र तुमच्या घरातल्या स्वच्छ पाण्यात, रांजणात, टाकीत, टाकून दिलेल्या टायरात होतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करायची. ते काम कुठलेही गटार करणार नाही.

पाणी जिथे निघाले तिथेच जिरवणे, हा खरा उपाय. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी घरोघर शोषखड्डे घेतले आणि उघडी गटारे बंद केली. त्यावरून जिल्हा परिषदेने हा नमुना जिल्हाभर नेला आणि ‘नांदेड पॅटर्न’ असे त्याचे नाव पडले. लोक त्याला जादूचा खड्डा म्हणतात. जादू काही नाही. नेहमीच्या शोषखड्ड्यात एक सुधारणा आहे, ती मात्र फार उपयोगाची आहे.

नेहमीचा खड्डा कसा असतो? तळाला मोठे दगड, वर मध्यम, वर बारीक खडी, आणि तोंडाशी तळाला भोक पाडलेले मडके. मडक्यात काथ्या किंवा गवत घालायचे, ते आठवड्या-पंधरवड्याला बदलायचे. हे बदलणे होत नाही. साबणाचा मेण, खरकटे, राख हे सगळे दगडांत जाऊन बसते आणि वर्ष-दीड वर्षात खड्डा तुंबतो. मग लोक म्हणतात, खड्डे चालत नाहीत.

सुधारलेल्या खड्ड्याची रीत अशी. परसात चार फूट लांब, चार रुंद, चार खोल खड्डा घ्या. तळाला फूटभर मोठे दगड लावा. त्यावर मधोमध सिमेंटची गोल टाकी बसवा, दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच. टाकीला वरच्या अंगाला चार बाजूंनी चार भोके ठेवायची, खाली ठेवायची नाहीत. मोरीचा पाईप या टाकीत सोडायचा. आलेले पाणी टाकीत थांबते, गाळ खाली बसतो, आणि वरचे निवळ पाणी भोकांतून बाहेरच्या दगडांत उतरते. टाकीच्या भोवती दगड आणि विटांचे रोडे भरायचे, खाली मोठे, वर लहान, भोकांच्या वरपर्यंत. त्यावर जाड प्लास्टिक किंवा सिमेंटची जुनी पोती अंथरून माती ओढायची. टाकीला झाकण घट्ट हवे, पोरांचे आणि वासरांचे पाय त्यात जाता कामा नयेत. मोरीच्या तोंडाशी जाळी बसवली की खरकटे तिथेच अडते, ते कोंबड्यांना किंवा उकिरड्याला.

दगड आणि रोडे गावात पडलेले असतात. विकत लागते ती टाकी आणि पाईप. दोघे गडी दोन दिवसांत काम उरकतात. खड्डा वर्षातून एकदा, वैशाखात, उघडायचा आणि टाकीच्या तळचा गाळ पळीने काढून उकिरड्यात टाकायचा. गाळ टाकीत असतो, दगडांत नसतो, म्हणून हा खड्डा वर्षानुवर्षे चालतो. पावळणीचे पाणी मात्र यात घेऊ नका. एका वळवात छपराचे जेवढे पाणी येईल तेवढे मोरीचे आठ दिवसांत येत नाही, आणि खड्डा गाळाने भरून जाईल.

जागा निवडताना घाई नको. पिण्याच्या आडापासून, विहिरीपासून, बोअरपासून निदान पन्नास फूट लांब, आणि शक्यतो तिच्या खालच्या उताराला. घराच्या पायापासून चार-पाच फूट लांब. जिथे पावसाळ्यात हात-दोन हातांवर पाणी लागते तिथे शोषखड्डा घेऊ नका, ते पाणी सरळ भूजलात जाईल.

जमीन पाणी घेते की नाही, याची परीक्षा घरच्या घरी होते. खड्डा घ्यायच्या जागी, खड्ड्याच्या निम्म्या खोलीवर एक फूटभर खोल लहान खळगा करा. संध्याकाळी पाण्याने भरा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी परत भरा, काठी रोवून खूण करा आणि घड्याळ लावा. इंचभर पाणी अर्ध्या तासाच्या आत उतरले तर जागा उत्तम. तास उलटला तरी इंच उतरत नसेल तर तिथे शोषखड्ड्याचा नाद सोडा. मुरमाड आणि तांबड्या जमिनीत बहुधा अडचण येत नाही. नदीकाठच्या काळ्या, भारी, चिबड जमिनीत येते. अशा गावाला कुणी योजनेच्या आकड्यासाठी घरोघर खड्डे पाडायला लावत असेल तर सांगा की आधी खळगा करून दाखवा. मी अशा जमिनीत पाडलेले खड्डे पाहिले आहेत, आषाढात त्यांची डबकी होतात.

ज्यांना परसात जागा आहे त्यांना तर खड्ड्याचीही गरज नाही. केळी, पपई, शेवगा, नारळ, आळू, कर्दळ यांची आळी करा आणि मोरीचे पाणी पाळीपाळीने त्यांना द्या. एकाच आळ्यात रोज ओतू नका. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, भारी जमिनीत तो साठला की माती दगडासारखी होते. कोथिंबीर, मेथी, मुळा, काकडी असे कच्चे खायचे काही त्या पाण्यावर घेऊ नये.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. वर सांगितले ते सगळे आंघोळीच्या, धुण्याच्या, भांड्यांच्या पाण्याबद्दल. संडासाचे पाणी यात चुकूनही आणू नका. आज गावागावांत काय झाले आहे ते तुम्ही जाणता. घराखाली मोठी सेप्टिक टाकी बांधली, खर्च भरपूर केला, आणि टाकीचा वरचा पाईप हळूच गटारात सोडला. बांधणाऱ्या गवंड्याने सांगितले, टाकीतून बाहेर येते ते शुद्ध पाणी. ते शुद्ध नसते. टाकीत जड मैला खाली बसतो इतकेच. बाहेर पडणाऱ्या पाण्यात गॅस्ट्रोचे, विषमज्वराचे, काविळीचे जंतू तसेच असतात. गटार आणि ओढा जर नुसत्या मोरीच्या पाण्याचा असता तर त्याला वास आला असता, केंदाळ आले असते. त्यात रोगाची भर पडते ती बहुतांशी या पाईपांमुळे. गटाराच्या कडेने सकाळी एक फेरी मारा आणि असे किती पाईप आहेत ते मोजा. कुणाचे नाव घेऊ नका, भांडण लागेल. आकडा तेवढा ग्रामसभेत सांगा.

ज्यांची टाकी आहे त्यांनी तिच्या पाण्याला स्वतंत्र शोषखड्डा द्यावा, वरच्या अंतराच्या अटी पाळून, आणि तो मोरीच्या खड्ड्याशी जोडू नये. भारी जमिनीत ते पाणी जिरणार नाही. तिथे ते झाकलेल्या पाईपने गावच्या तळ्याकडे न्यावे लागते, त्या तळ्याचे पुढे सांगतो. ज्यांना नवा संडास बांधायचा आहे त्यांनी सेप्टिकच्या भानगडीत न पडता दोन खड्ड्यांचा संडास बांधावा. तीन-चार फुटी दोन गोल खड्डे, भिंतीला जाळी ठेवून बांधलेले, तळ मातीचा, आणि दोहोंच्या मध्ये निदान खड्ड्याच्या खोलीइतके अंतर. एका वेळी एकच वापरायचा. पाच-सहा माणसांच्या घराला तो तीन-चार वर्षे सहज पुरतो. लोकांना वाटते लवकर भरेल, म्हणून दहा फूट खणतात. मैल्यात बहुतेक पाणीच असते, ते जिरून जाते. एक भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिला झाकून दोन वर्षे तसाच ठेवायचा. नंतर उघडला की काळी, मोकळी, वास नसलेली माती निघते. आपल्या आजोबांनी सोनखत हा शब्द उगाच नाही ठेवला. फळझाडाला घालून पाहा. मात्र दोन वर्षांच्या आत उघडायचा नाही.

काही घरांना परसच नसते. गावठाणाची दाटी असते, भिंतीला भिंत, आणि जमीनही चिबड. त्यांच्यासाठी गटार किंवा पाईप लागणारच, मी त्याला विरोध करत नाही. माझे म्हणणे त्या गटाराच्या तोंडाबद्दल आहे. ते ओढ्यात सोडू नये, तळ्यात सोडावे. पंजाबात सीचेवाल नावाचे गाव आहे. तिथले संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी २००० साली काली बेईं या नदीची सेवा हाती घेतली. नदी १६० किलोमीटर लांबीची, गुरू नानकांच्या आठवणींनी पवित्र मानलेली, आणि केंदाळाने भरलेली. लोकांनी आपल्या हातांनी केंदाळ ओढले. पण काठावरच्या शहरांचे आणि चाळीसेक गावांचे पाणी येतच होते, म्हणजे आज काढले आणि उद्या आले. मग सीचेवालला त्यांनी गावाचे पाणी पाईपने एकत्र केले आणि एकापाठोपाठ एक तीन विहिरींतून फिरवून तळ्यात सोडले. विहिरींत गाळ बसतो, तेलकट तवंग अडतो, तळ्यात ऊन आणि शेवाळ आपले काम करतात. तिथून ते पाणी मोटरीने शेतात. नत्र आणि स्फुरद जे नदीत केंदाळाला पोसत होते, ते शेतात पिकाला गेले. ही गोष्ट मला शेतीचा माणूस म्हणून फार पटली. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्याकडे गावच्या खालच्या अंगाला गायरानाचा तुकडा असेल तर असे तळे होते. ओळीने दोन-तीन उथळ तळी, पाणी संथपणे एकातून दुसऱ्यात, आणि शेवटी कर्दळ, वाळा किंवा पाणकणीस लावलेली खडीची चर. आठ-पंधरा दिवस पाणी त्यात फिरले की बरेच सुधारते. पिण्याला नाही. ऊस, गवत, झाडे यांना देता येते, सरीतून, फवाऱ्याने नव्हे. ज्याच्या शेताला पाणी जाईल त्याच्याकडून पंचायतीने चार पैसे घ्यावेत आणि त्यातून गाळ काढावा. तळ्याला कुंपण घालायला विसरू नका.

पैशाचे काय, हे शेवटी येतेच. २०२० साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याच्या कामासाठी ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपये असे प्रमाण ठरवले होते. घरचे शोषखड्डे रोजगार हमीतूनही झाले आहेत. वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला भाग असतो, तो कुठे गेला ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आज कुठल्या योजनेत काय बसते ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्या ग्रामसेवकाकडून, लेखी घ्या. तोंडी नको.

आणि भगिनींनो, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती कागदावर उरकू देऊ नका. मोरी तुमच्या हातातली आहे. घरामागचे डबके कुणाच्या पायाखाली येते ते तुम्हाला पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक आहे. तिथे एवढे मांडा. नव्या गटाराचा ठराव येण्याआधी आपल्या आळीत किती घरांना परस आहे, त्यातल्या किती जागी खळग्याचे पाणी तासाच्या आत इंचभर उतरते, आणि गटाराचे तोंड जॅकवेलच्या वर आहे की खाली, याची यादी पंचायतीने वाचून दाखवावी. यादी नसेल तर ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवावा. खळगे करायला दोन दिवस पुरतात. शाळेची सुट्टी लागली की थोरली पोरे एका सकाळी गल्ली उरकतील, त्यांना फक्त पट्टी आणि घड्याळ द्या.